किती आवाज मावतात

कुताइसीच्या बाजारात, चीज विकणाऱ्या बायकांच्या रांगेमागे
माझं दुकान.
जर्मनीतल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक,
अजून कुणाकुणाच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटलेले.
त्या मी नखानं खरवडून काढतो.

त्सियाला आली ती पावाच्या भट्टीवरून थेट,
कोपरापर्यंत पीठ.
लिफाफ्यात चारशे दहा लारी, निम्मी नाणीच.
मी विचारलं, कशाला हवाय? हिशेब? मुलांचा अभ्यास?
ती म्हणाली,
"ह्यात किती आवाज मावतात?"

लोक विचारतात किती जीबी, किती वर्षं टिकेल.
असं कुणी विचारलं नव्हतं.

तीन, ती म्हणाली. तीन मावले तरी पुरे.
वरचा, मधला, खालचा.
आमच्याकडे एकट्यानं गायचं ते फार तर पाळण्यापाशी.
मधला तिचा.
वरचा थोरल्या बहिणीचा होता,
ती आता इटलीत, बारीला, कुणा म्हाताऱ्याला आंघोळ घालते.
खालच्याबद्दल ती बोलली नाही.
मी नाणी मोजत राहिलो.

मग सांगितलं:
तो पातळ, चकाकणारा बघूसुद्धा नकोस,
अर्धे पैसे चकाकीचे.
प्रोसेसर सहा वर्षांपूर्वीचा चालेल,
मेमरी मात्र आठच्या खाली नको,
आणि फिरणारी डिस्क तर नकोच, ती कुरकुरते,
माइकला कुरकुरही ऐकू जाते.
उरलेल्या पैशांत एक जुनं साउंड कार्ड, दोन भोकांचं,
एक बटण तुटलेलं, पण ते तुला लागणार नाही.
माइक तिच्याकडे होता:
बंद पडलेल्या संस्कृती-भवनातून
कुणी विचारलं नाही म्हणून घरी आलेला.

हिशेब चारशे चाळीसवर गेला.
तीस लारीचे पाव खाईन म्हणालो.
रोज एक, फिटेपर्यंत.

आठवड्यात परत आली, तोंड फुगवून.
"हा स्वतःच गातो.
आणि बेसूर. माझ्या सुराच्या केसभर वर."
पंखा होता तो.
ब्रश मारला, तेल घातलं, ऐकेना.
शेवटी तिच्या घरी जाऊन भिंतीला भोक पाडलं;
संगणक पलीकडे कोठीत, आंबट आलुबुखाराच्या बाटल्यांशेजारी,
तारा तेवढ्या अलीकडे, पलंगापाशी.

तरी हेडफोनमध्ये तिचा आवाज तिलाच उशिरा येत होता.
"दाराबाहेर मीच उभी,
आणि आतून मीच उघडत नाही, असं वाटतं."
बफर एकशे अठ्ठावीसवर आणला.
तिनं एक सूर लावला, थांबली,
म्हणाली, "आली."

वसंतात डिस्क भरली.
एकशे वीसची भरते कशी?
पाहिलं तर एकेका गाण्याचे चाळीस चाळीस प्रयत्न,
प्रत्येकाच्या तीन फाइली.
कॉपी नीट झाली का बघायला, फक्त बघायला,
एक उघडली.
मधला तिचा. वरचाही तिचाच,
चढता चढता टोकाला फाटलेला.
खालचा:
चार मिनिटं, बारा सेकंद,
लांब कुठं कुत्रं,
एकदा खुर्ची कुरकुरली, बाकी काही नाही.

दुसरी उघडली. तिसरी.
चाळीसही.

धंद्याची सवय; वाटलं, ह्या पुसल्या
तर तिसरा हिस्सा जागा मोकळी होईल, डिस्कचे पैसे वाचतील बाईचे.
आकार बघितला. तिन्हींचा सारखा,
शेवटच्या आकड्यापर्यंत.
संगणक शांततेला सूट देत नाही.

काही पुसलं नाही.
ती आली तेव्हा म्हणालो, दुप्पट मोठी बसवतो,
साठ लारी पडतील.
"बसव," ती म्हणाली. "पाव चालतील ना?"

चालतील, म्हणालो.
मला खरं तर पाव पचत नाही.