तवा धुऊ नकोस

बुधवारी दुपारी एतेल्का ग्राझहून निघते,
आठ जणींना कोंबलेल्या पांढऱ्या व्हॅनमधून.
दोन आठवडे तिथे, फ्राऊ लाइटनर नावाच्या म्हातारीच्या उशाशी,
दोन आठवडे इथे, माझ्या.
मीही तिसा नदीवर तेवीस वर्षं तराफा ओढला,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
पण माझी नदी दीडशे पावलांची होती.

आज म्हटलं, ती येईतो घरात काहीतरी शिजलेलं असावं.
काहीतरी म्हणजे अंडं नव्हे.

फ्रीझरमध्ये फेब्रुवारीतल्या डुकराचे दोन काप उरलेले,
हाडासकट, कडेला बोटभर चरबी.
शेजारच्या गेर्गेयचं डुक्कर. स्वभावाने चांगलं होतं.
एकदा माझी टोपी खाल्ली, तेवढंच.

फोन पाप्रिकाच्या डब्याला टेकवून ठेवला.
आतून व्हॅनची घरघर, आणि तिचा आवाज:
"पुसलेस? कोरडे कर, अम्ब्रुश.
ओलं मांस भाजत नाही, रडत बसतं."
मी दोन्ही बाजूंनी पुसले, हाडाच्या बेचक्यातही.
म्हातारीची पाठ ती सकाळी अशीच पुसत असेल.
मनात आलं. बोललो नाही.

"चरबीला चिरा दे, नाहीतर काप वाटीसारखा वळेल."
दिल्या.
"आता हात लावू नकोस."
हे सगळ्यात अवघड. तराफ्यावर हात कधी रिकामे नसत.
पाठीमागे हात बांधून उभा राहिलो चार मिनिटं
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.
तवा तडतडत होता, चरबी अंगावर उडत होती,
आणि मी विचारलं, "म्हातारी जेवली का?"
"दोन चमचे. सफरचंद शिजवून दिलं होतं.
उलट आता."

उलटले. खालचा रंग
घोड्याच्या जुन्या खोगिरासारखा.
अजून तीन मिनिटं. मग काप ताटलीत काढले, वर झाकण ठेवलं.
तव्याच्या बुडाला काळपट, चिकट काहीतरी राहिलं होतं.
मी नळ सोडला.

"तो कसला आवाज?"
"तवा धुतोय."

व्हॅनमधल्या आठही बायका एकदम ओरडल्या.

फोन स्पीकरवर होता, हे मला तेव्हा कळलं.
ड्रायव्हरही ओरडला असावा, एक आवाज जाड होता.
"खरवड आहे ती! सगळी चव तिथे आहे, गाढवा!"
आणि आठ तोंडांनी स्वयंपाक सुरू झाला:
कांदा घाल, कांदा मुळीच नको,
किस्वार्दाची एक बाई शपथेवर सांगत होती की जर्दाळूच हवेत,
तिला बाकीच्यांनी गप्प केलं.

बॅटरी घेऊन अंगणात गेलो.
आलुबुखार घ्यायचे ते देठाशी सुरकुतलेले,
झाडावर राहावं की पडावं हे न ठरलेले.
नऊ मिळाले. एकात आधीच कुणीतरी राहत होतं.

बिया काढून तव्यात टाकले, वर पालिंकेचा एक घोट,
एक मला.
(तिला ऐकू गेलं नाही, तव्याचा चर्र आवाज मोठा होता.)
लाकडी उलथन्याने बूड खरवडत गेलो
आणि ते सुटायला लागलं,
जे मी जळकं म्हणून मोरीत सोडणार होतो
ते जांभळ्या रसात उतरत गेलं, रस काळा, दाट,
उलथनं फिरवलं की मागे वाट राहते आणि लगेच बुजते,
नदीत तराफ्यामागे राहते तशी.

व्हॅन बुडापेस्टबाहेर अडकली.
रसावर साय धरली. दिवा तसाच ठेवला.

दीड वाजता आली. बूट पायात, पिशवी खांद्यावर,
उभ्यानेच गार काप हातात धरून खाल्ला, हाडापर्यंत.
"मीठ?"
"सांगितलं नव्हतंस."
"सांगितलं होतं. किस्वार्दाची मध्येच बोलत होती."
दुसरा माझा होता. त्यातलाही निम्मा खाल्ला.
मग पावाच्या तुकड्याने तव्याचं बूड पुसलं,
कडा पुसल्या, आरशासारखा होईतो,
आणि तवा माझ्या हातात दिला.

"आता धू."

नळ सोडला.
आमच्याकडे गरम पाणी यायला वेळ लागतो.