उभं राहण्याचे नव्वद रुपये

"तुझी गाडी तर फुकट चालते,"
श्रीरंग म्हणतो मगरपट्ट्यातून.
म्हणून बाबांना डोळ्यांसाठी गारगोटीहून पुण्याला आणायचं,
नेऊन सोडायचं, तपासणीला पुन्हा आणायचं,
हे माझ्याकडे.

फुकट नाही रे.
वारज्यात, पार्किंगच्या खांबावरच्या मीटरला
युनिट साडेआठला पडतं,
आणि सेक्रेटरी बेंद्रेकाका अधूनमधून खाली येऊन
वायरीकडे बघून जातात,
जणू ती त्यांच्या देवघरातून ओढली आहे.
हायवेवर तेच युनिट चोवीसला. वर जीएसटी.
तीन अ‍ॅपांच्या पाकिटांत माझे
एकसष्ट, एकशे अठरा आणि नऊ रुपये अडकलेत.
जाताना खंबाटकी सहा टक्के खाते,
उतारावर दोन परत करते, नातेवाइकांसारखी.
एप्रिलात एसी बंद ठेवून
मी रस्ता कमी आणि आकडा जास्त बघते.

कराडला दोन गन.
एकीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली,
दुसरीला टॅक्सी,
टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर आलेले दोन पाय.
त्या पायांना उठवायचं कसं, या विचारात गेलेली वीस मिनिटं
कुठल्या रकान्यात धरू?

बाबांनी जन्मभर एसटीच्या डेपोत
डिझेलचं रजिस्टर लिहिलं.
आता मागच्या सीटवर, काळ्या चष्म्याआड,
मांडीवर वही.
"किलोमीटरला किती पडतं?"
"दोन सत्तर."
"आमची लाल गाडी लिटरला साडेचार द्यायची,"
हे ते मला नाही, काचेबाहेरच्या उसाला सांगतात.

काल रात्री पोचलो. बाबा जेवून झोपले.
श्रीरंगला अर्धा हिस्सा कळवायचा
म्हणून मी वही उघडली.
अक्षर थोडं उतरतं, पण डेपोतलंच:

कराड. चहा दोन, तीस रु.
चार्जिंग पूर्ण १.१०
निघालो १.४०
शेरा: वरदा झोपली होती.

त्या अर्ध्या तासाचे अ‍ॅपने नव्वद कापलेत.
गन लावून नुसतं उभं राहिल्याचा दंड,
मिनिटाला तीन.
दर पाच मिनिटांनी सूचना येत होती माझ्या फोनवर.
फोन बाबांच्या हातात होता.
आणि वाचता येण्याइतकं
आता दिसतं त्यांना.

श्रीरंगला बेरीज पाठवली. अर्धे त्याचे.
नव्वद वगळून.