घर नंबर एकशे चौदा

दीपगृहाचा दिवा दिल्लीचा.
जेटी मुंबईची.
जेटीकडे उतरणारा रस्ता जिल्हा परिषदेचा,
त्यातला मधला खड्डा बहुधा आमचा,
म्हणजे मिठखोल ग्रामपंचायतीचा.
बारा सागरी मैलांपर्यंतचा बांगडा राज्याचा,
पलीकडे गेला की केंद्राचा.
बांगड्याला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

मी इथला लिपिक. अकरा वर्षं
आवक-जावक माझ्याकडे.
आवकेची वही पातळ, जावकेची जाड.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी लिहिलं तेव्हा
जिल्ह्याने मुंबईकडे बोट दाखवलं,
मुंबईने दिल्लीकडे.
दिल्लीने विचारलं, जागा भरतीरेषेच्या आत की बाहेर?
मोजायला माणूस आला तोवर
रेषा सुरूच्या बनात शिरली होती.
खात्यात पैसे होते. बंधित.
पाणी आणि स्वच्छता, एवढ्यासाठीच.
सरपंच म्हणाल्या, मग हे पाणी नाही तर काय आहे?
मी तसंच लिहून पाठवलं.
त्रुटी लागून परत आलं.

त्याच आठवड्यात केळुसकरांनी नवं जाळं आणलं.
बिलाखाली कराच्या दोन ओळी,
एक केंद्राची, एक राज्याची,
पैशापर्यंत सारख्या.
घेताना किती सरळ वाटून घेतात.

आमच्याकडे रापण ओढली की
वाळूतच वाटे पडतात.
जाळ्याचा, होडीचा, देवळाचा,
तापाने घरी राहिलेल्या जुवाव मेस्तचासुद्धा.
भांडणं होतात. गेल्या साली एकाचं डोकं फुटलं.
पण जाळं फाटलं की
तेच सगळे मांडी घालून बसतात शिवायला.
तांडेल एवढंच म्हणतो,
"जेचो वाटो, तेची सुई."
हे कुठल्या लेखाशीर्षाखाली बसवायचं,
मला सुचलेलं नाही.

शेवंती कुबल दर मार्चला येते.
घर नंबर एकशे चौदा.
घरपट्टी दोनशे दहा, दिवाबत्ती वीस.
घर दोन पावसाळ्यांपूर्वी गेलं.
आधी न्हाणी, मग पडवी,
मग एका रात्रीत तुळशीसकट खळं.
ओहोटीला जोतं दिसतं,
त्यावर आता कालवं धरलीत.

यंदा मी म्हटलं, काकी, अर्ज द्या,
नोंद कमी करतो, पट्टी सुटेल.
ती खताच्या पिशवीतून नाणी काढून
टेबलावर दहा-दहाच्या चळती लावत होती.
शेवटची चळत लागल्यावर बोलली,
"घर दर्यान व्हरल्यान.
नंबर तू खोडलंस
तर माझा देणा कोणाकडे रवला?
पावती फाड."

मी पावती फाडली.
दिवाबत्तीचे वीसही घेतले,
त्या वाटेवर खांब उरला नाही तरी.
ती घडी घालून निघाली, लेकीकडे,
वरच्या वाडीत.
बाहेर काळोख पडत होता.
दिल्लीचा दिवा लागला
आणि दर दहा सेकंदांनी
एकशे चौदावरून फिरून जाऊ लागला.