वर्षाला एक ओहोटी

जुना तुळजापूर नाका. पहाटेचे पावणेपाच.
रात्रपाळीचे माग अजून कानात खडखडतायत
आणि पाय त्यांच्याच ठेक्यावर पडतात,
हे मला तांडेलनं दाखवून दिलं.
तोवर वाटायचं, मी नुसताच पळतोय.
डॉक्टरनं साखर सांगितली म्हणून.

रमाकांत तांडेल, देवगडकडचा,
पोस्टात बदली होऊन आला,
आणि पहिल्याच दिवशी विचारलं, पाणी खंय?
मी म्हटलं, आज नाही. पाचव्या दिवशी येतं, रात्री दोनला.
तसा नाय रे, काठ.
पळूक काठ लागता.

म्हणून हिप्परग्याचा तलाव.

रूपाभवानीपाशी नाडी पुन्हा आवळायची.
ट्रकांचा धूर संपला की कच्ची वाट.
करडईचं रान: माघात ती नडग्यांवर सही घेते,
लांब पँट असली तरी घेते.
सैदप्पाच्या वस्तीवरचं कुत्रं, नाव बुलेट,
अर्धा किलोमीटर सोबत येतं,
एका ठरावीक बाभळीला त्याची हद्द संपते
आणि ते खाली बसतं, हजेरी लावल्यासारखं.
मग बांधाचे दगड. मग काठ.

तांडेल उभा राहिला. वास घेतला.
मीठ नाय ह्या पाण्याक.
एवढंच. मग बूट काढून ओल्या गाळावरून
टाच न टेकवता निघाला,
मागे पाऊलखुणा, त्यांत हळूहळू पाणी.

दम खाताना सांगायचा:
आमच्याकडं वाट समुद्राला विचारून ठरते.
सकाळी पळालेली वाट दुपारी असेलच असं नाही.
मी म्हटलं, आमच्यातपण ओहोटी असते की.
वर्षाला एक.
दिवाळीला लागते, मृगापर्यंत चालते.
तो गुडघ्यावर हात ठेवून वाकलेला, तसाच वर बघत,
आणि भरती?
येईल त्या वर्षी.

तेव्हापासून वही.
दर रविवारी भिंतीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजायची.
कार्तिकात चाळीस.
पौषात तीनशे दहा, रोहित पक्षी एकवीस
(तो म्हणे बावीस, एक झोपलेला).
होळीला एक विहीर वर आली, तिच्यात शेवाळ.
पाडव्याला बैलगाडीची चाकोरी,
कधीच्या कुठल्या गाड्यांची, कुणास ठाऊक,
थेट पाण्यात जाणारी.
आम्ही तिच्यातून पळालो, एकेका चाकातून एकेक जण.

गाळपेरीत नागूबाई वाळकं लावायची.
आम्हाला बघून दर रविवारी तेच:
कुणी मागं लागलंय का बाबा?
आणि एकदा, पळताच आहात तर
तेवढी पलीकडची मोटार बंद करून या.
गेलो. बंद करून आलो.
वैशाखात ती चाकोरी जिथं संपली
तिथं तांडेल उताणा पडला, भेगाळलेल्या तळावर,
म्हणाला, आयुष्यभर पाण्याच्या कडेनं पळालो.
तळात पहिल्यांदाच.

जूनमध्ये ऑर्डर आली. गेला.
वही इथंच राहिली.

आता सकाळी त्याचा मेसेज येतो: सहा बारा, सुकती.
मी पाठवतो: एकशे पंचावन्न. विहीर नाही.
यंदा भरती मोठी आली. आमची वाट खाली आहे,
मी वरच्या बोरींच्या कडेनं जातो,
काटे फार, आणि बुलेटची बाभूळ कमरेइतक्या पाण्यात,
त्यामुळे ते आता कुठं थांबायचं ते न कळून
पार बांधापर्यंत येतं.

परवा त्यानं फोन लावला, बोलला काहीच नाही.
लाटेजवळ धरला असावा.
मी भिंतीवर बसून ऐकत राहिलो.
जाऊन येतंय, जाऊन येतंय,
मधे एक टाका सुटल्यासारखं, पुन्हा येतंय.
बराच वेळ.
शेवटी त्यानं विचारलं, कळला काय?

मी म्हटलं, धोटा चांगला चाललाय.
तेल घाल म्हणावं.