एकवीस पॉइंट पाच

खालची डावी दाढ, मागून दुसरी.
आठ दिवस ती रात्री अडीचला उठायची
आणि मला उठवायची.
लवंग झाली, मिठाचं पाणी झालं,
मेनरोडच्या मेडिकलवाल्याची लाल गोळी झाली.
गार पाण्याचा घोट धरला की तेवढ्यापुरती गप्प,
म्हणून उशाशी तांब्या
आणि तांब्याशेजारी मी, बसलेला.

कॉलेज रोडला, पहिला मजला. खाली मिसळीचं दुकान,
जिन्यात रश्श्याचा आणि स्पिरिटचा वास एकमेकांत.
डॉक्टर आहिरराव, माझ्या धाकटीच्या वयाची,
स्क्रीनवर दाढ घरभर मोठी करून म्हणाली,
"नस मेलेली नाही काका, मरतेय.
तिचाच आरडाओरडा हा. रूट कॅनल करू."
मला कॅनॉल म्हटलं की गंगापूर धरणाचा डावा कालवाच दिसतो.
म्हटलं, उपटून टाका ना.
"उपटणं दहा मिनिटांचं," ती म्हणाली,
"ठेवायची तर तीन खेपा."

मुंगी चावेल म्हणाली. मुंगळा होता.
मग ओठ जाड, अर्धी जीभ दुसऱ्या कुणाची.
निळं रबर ताणून तिने दाढ एकटी बाहेर काढली,
व्हाइसमध्ये जॉब पकडावा तशी,
आणि इथे मला जरा धीर आला.
एकतीस वर्षं सातपूरला, टूलरूममध्ये.
ड्रिल सुरू झाल्या झाल्या सांगितलं असतं,
बाई, तुमचं बेअरिंग संपत आलंय,
पण तोंडात तिचे दोन्ही हात होते.

नंतर आवाज थांबला. तिने फाइल उचलली.
फाइल! केसाएवढी, पांढऱ्या मुठीची, पंधरा नंबर.
मग पिवळी, वीस. मग लाल, पंचवीस.
मिलिमीटरच्या शंभरातले पाच, पुन्हा पाच.
मध्येमध्ये पाणी सोडायची,
नुकत्या धुतलेल्या मोरीच्या वासाचं.
ओठाला आकडा लावलेलं यंत्र टीं, टीं करत
मुळाच्या टोकाशी पोचलं.
"एकवीस पॉइंट पाच," ती म्हणाली.
झुलेखाने कागदावर लिहून घेतलं.

अंदाज म्हणजे लबाडाचा मायक्रोमीटर,
असं आमचे तडवी उस्ताद म्हणायचे.

तीन कालवे साफ झाले.
मला वाटलं, झालं.
तिने भिंग डोळ्यावर ओढलं
आणि चौथा शोधत बसली.
असतोच असं नाही, म्हणाली, पण बघायला हवं.
वीस मिनिटं. बाहेर पेशंट खोकत होते.
वरून सिमेंट बसल्यावर
कोण बघणार होतं आत?

साडेचारची बस चुकेल म्हणून
एका डायच्या तळाशी राहिलेली कोर
मी एकदा पाहिली होती, आणि पाहिली नव्हती.
माल परत आला. मेमो उस्तादांच्या नावावर निघाला.
ते काही बोलले नाहीत.
मला कॅन्टीनला नेलं, चहा पाजला,
चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

"दुखतंय का? दुखलं तर हात वर करा."
डावा गाल बधिर, तरी डोळ्यातून पाणी आलं होतं.
मी हात वर केला नाही.
"सापडला," ती म्हणाली, जवळजवळ स्वतःशीच.

कापूस, कच्चं सिमेंट, सूचना:
दोन दिवस ठणकेल, घाबरू नका,
डाव्या बाजूने चावू नका, गोळ्या जेवणानंतर,
पुढच्या गुरुवारी गुलाबी रबर भरू,
मग टोपी.
दाढ राहील. गार-गरम मात्र तिला कळणार नाही.

खाली उतरून चहा घेतला.
अर्धा शर्टावर सांडला, ओठाला पत्ता नाही.

रात्री अडीचला जाग आली, सवयीने.
थोडा ठणका होता, पण तो सुईच्या जागी.
दाढ गप्प.
बराच वेळ मी तिची वाट पाहिली.
मग तांब्या उचलला,
पाणी प्यायलो, उजव्या बाजूने.