पूर्व भाग

नायनांचा जेकार्डचा चौकटीचा कागद
मी चोरून आणायचो.
त्यावर किल्ल्याचे नकाशे: एक घर, एक पाऊल.
तिसऱ्या भागातलं भुयार,
चौथ्यात कंदीलवाली म्हातारी किल्ली देते ते वळण,
पाचव्यातला पूल, पळालात की कोसळणारा.

सहा भाग आले. सातवा
कंपनीसकट बुडाला म्हणतात.

तरी कुणी ना कुणी विचारतंच.
काल रात्री दीडला, लाईट गेलेली,
नांदेडचा एक पोरगा: दादा, किल्ली सापडंना.
म्हटलं, मागं फीर. म्हातारीशी दोनदा बोल.

आमच्या गल्लीत आता चारच माग वाजतात.
नायना रिकामे. चष्मा पुसून
वहीवर बोट ठेवतात, मोजतात
तेलुगूत, सवयीनं.
"हितं एक घर कमी हाय की.
नक्षी जुळत न्हाई. अठ्ठेचाळीस पायजे."

नक्षी नव्हे नायना, भिंत आहे ती,
म्हणालो. आणि दुपारी, पंखा गरम वारा फेकत असताना,
जुना डबा लावून पाहिला.

अठ्ठेचाळिसाव्या घरात
पाऊल भिंतीतून सरळ आत गेलं.

नांदेडला फोन लावला.
उचलेना. शाळेत असेल.