वेदीची पाठ

वाळवी लागली म्हणून मला बोलावलं.
वेंगुर्ल्याहून आत, खाडीच्या वळणावरची इगर्ज.
पास्कूने मागचं दार ढकललं, म्हणाला,
"पुढसून सगळेच बघतत. तू मागसून बघ."

पुढून मी ती बघत आलोय लहानपणापासून,
नाताळात, उंबऱ्यापर्यंत, चपला हातात:
तीन मजली वेदी, पीळदार खांब,
वर्खात बुडवलेली द्राक्षं.
कोरणाऱ्यानं द्राक्षाचा वेल पाहिलाच नसणार.
पानं नीट बघा, मिरीची आहेत.

पुल्पिताला खांद्यावर घेऊन
चार बाया, कमरेखाली माशाच्या.
त्या इथे कशा, कुणी विचारत नाही.
पलीकडे कुमसाराची पेटी.
तिच्या जाळीत, गुडघ्यावरच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला,
लाकूड काळं पडलंय, श्वासांनी.
तिथे रंधा लावणार नाही, हे मी आधीच सांगितलं.

खिडक्यांना काच नाही,
घासून पातळ केलेल्या शिंपल्यांची तावदानं;
भर दुपारी आत
पेजेच्या निवळीसारखा उजेड.

मग मागे.
मागे वर्ख संपतो. संतही संपतात,
त्यांच्या पाठी सपाट, पोकळ, कोळिष्टकांनी भरलेल्या.
फणसाच्या फळ्या, त्यांवर वाकसाचे घाव तसेच.
एका तुळईला भोकांची सरळ ओळ:
गलबताचा वासा.
बोट फिरवून चाटलं. अजून खारट.

फळीवर कोळशानं हिशेब.
मोडी मला येत नाही, आकडे येतात.
सात, सात, सात, पाच.
कुणाची तरी मजुरी कापलेली.

त्याखाली आडव्या रेघा, एकावर एक,
पोराला भिंतीशी उभं करून ओढतात तशा.
शेवटची माझ्या कोपराला लागते.
वर फळी कोरी.
पास्कूला विचारलं. त्यालाही ठाऊक नाही.

तीन दिवस लागले. कुजलेला पाय कापला,
आईनाचा नवा जोडला.
तिसरा दिवस रविवारचा; मिस्सा सुरू झाली तेव्हा
मी मागेच होतो, हातात पटाशी, हलायची सोय नाही.
सगळे एकदम गुडघ्यावर आले
आणि ती अख्खी वेदी
नांगराला बांधलेल्या होडीसारखी कुरकुरली.

"मागल्या बाजूक पॉलिश मारूचा काय?"
नको म्हटलं.

बिलात लिहिलं: वाळवीचं औषध, एक पाय,
खिळे अठरा, पितळेचे.
लोखंड टिकणार नाही, वारा खारा आहे.
मजुरी दिवस तीन.
रविवार धरलेला नाही.